ज्ञात त्रुटी : काही नाहीत

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या हिंगोलीला एक वास लागतो. सकाळी खिडकी उघडली की आधी तो घरात शिरतो, मग उजेड. हळद शिजते आहे. ज्यांना फक्त डब्यातली हळद ठाऊक आहे त्यांना हा वास ओळखू यायचा नाही. मातीसकट रताळी उकडायला घातली आणि पातेल्याखाली जरा जास्तच जाळ झाला तर जसा येईल तसा तो असतो, गोडसर, कडवट, घशाशी रेंगाळणारा. मग महिना-दीड महिना सगळं गावच पिवळं होऊन जातं. मोंढ्याच्या बाजाराकडून येणाऱ्या रिक्षांच्या सीटा पिवळ्या, हमालांच्या भुवया पिवळ्या, कॉलेजात परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवरही मधूनच एखादा पिवळा अंगठा. एके काळी मला हा मोसम फार आवडायचा. आता मी खिडकी लावून घेते.

माझ्या नावामागे डॉक्टर लागलं ते या हळदीमुळेच. मी इथल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि माझ्या संशोधनाचा विषय होता, हळदीतली ओल मोजणारं स्वस्तातलं यंत्र, जे कुणालाही आपल्या घरी बसून करता यावं. ऐकायला बरं वाटतं. सत्काराच्या दिवशीही सगळ्यांना बरंच वाटलं होतं. शाल अंगावर पडत असताना टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे उत्तममामा होते, आमचे प्रयोगशाळा परिचर, आणि त्यांच्याकडे बघायचं मी टाळलं होतं हे मला आजही आठवतं.

जिमखान्यामागच्या खोलीत हे सगळं घडलं. तिथे आधी फुटक्या कॅरमबोर्डांची आणि मॅटच्या गुंडाळ्यांची अडगळ होती. ती उपसून आम्ही एक कार्यशाळा थाटली. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांत अशा जागेला मेकरस्पेस म्हणतात, म्हणून आम्हीही दारावर तशी पाटी लावली. उत्तममामांनी पाटी वाचली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी खटपट खोली." पाटी वाऱ्याने पडली, मामांनी दिलेलं नाव राहिलं.

काय होतं त्या खोलीत! दोन सोल्डरिंगच्या बंदुका, त्यातली एक शॉक द्यायची. जुन्या रेडिओंचे सांगाडे. कुणीतरी देणगी दिलेला एक थ्रीडी प्रिंटर. लाइट गेली की तो हातातलं काम अर्धवट टाकून रुसून बसायचा, त्यामुळे टेबलाखाली अर्ध्या डब्यांचा आणि पाऊण झाकणांचा ढीग साठला होता. सोल्डरच्या धुरातला राळेचा वास, तापलेल्या प्लास्टिकचा वास आणि बाहेरून येणारा हळदीचा वास. या तीन वासांत मी माझी सगळ्यात सुखाची दोन वर्षं काढली. म्हणूनच तर वास आला की मला पळावंसं वाटतं.

तिथेच मला मुक्त हार्डवेअरचं वेड लागलं. त्यातला नियम साधा आहे. मी केलेलं यंत्र तू उघडून बघ, त्याचा आराखडा घे, तसंच दुसरं कर, हवं तर बदल. फक्त बदललंस तर ते सगळ्यांसमोर मांड, आणि ज्याच्याकडून काही शिकलास त्याचं नाव लिही. कुठल्याशा थंड देशातल्या एका सुताराने लाकडातली ओल मोजायचं यंत्र करून त्याचा सगळा आराखडा असाच इंटरनेटवर मांडला होता. दोन सुया लाकडात टोचायच्या, त्यांच्यामधून वीज किती सहज जाते ते बघायचं. ओल जास्त असेल तर वीज सहज जाते, कमी असेल तर अडते. आराखड्याच्या शेवटी त्याने एक रकाना ठेवला होता, 'ज्ञात त्रुटी'. म्हणजे आपल्या यंत्राच्या आपल्याला माहीत असलेल्या चुका. त्या सुताराने तिथे भली लांब यादी दिली होती. फार थंडीत आकडा चुकतो. घामेजल्या हातांनी धरलं तर चुकतो. आणि एका ओळीत, गाठीच्या लाकडात हे यंत्र साफ खोटं बोलतं, हे माझ्या शेजारणीने दाखवून दिलं, असं लिहून पुढे शेजारणीचं नाव.

ते वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. आमच्याकडे शोधनिबंधात चुकांना जागा असते ती तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात. हा गडी मात्र आपली चूक ठळक लिहून वर शेजारणीचे आभार मानत होता. मी उत्तममामांना ते मराठीत वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "खरा कारागीर हाय मंग." मी त्याच दिवशी ठरवलं, लाकडाऐवजी हळद. तोच आराखडा, तोच नियम.

नियम मी शेवटपर्यंत पाळला नाही, हे या लेखात मला सांगायचं आहे. बाकी सगळं प्रस्तावनाच आहे.

हट्ट्याला, हळद पिकवणाऱ्या एका गावी, मी पहिल्यांदा गेले तेव्हा खळ्यावर ताडपत्र्या अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर उकडलेली हळद पसरलेली. उन्हाने डोळे दिपत होते. बायका पायांनीच हळद परतत चालल्या होत्या, एका सरळ रेषेत, घोट्यापर्यंत पिवळ्या. त्यांच्यात साठीच्या घरातल्या एक बाई, गिरजाबाई. किरकोळ अंगाच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या आळीतली सहा-सात घरं थोडी थोडी हळद करणारी, त्यामुळे ट्रॅक्टरवरचा वाफेचा कुकर त्यांच्याकडे यायला कंटाळा करायचा. मग ही घरं मिळून एकाच जुन्या कायलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पाण्यात, आळीपाळीने हळद शिजवायची. आणि त्या आळीची एक रीत होती. आठ-दहा दिवस ऊन दिलं की ज्या त्या घरची बाई आपल्या ढिगातलं एक हळकुंड घेऊन गिरजाबाईंकडे यायची. गिरजाबाई ते उजव्या कानापाशी धरायच्या, डोळे मिटायच्या आणि मोडायच्या. पुरतं वाळलेलं हळकुंड टणत्कार करून मोडतं, ओलसर असेल तर आवाज दबतो, एवढं मलाही कळलं. पण त्यांना त्या दोन्हींच्या मधलंही ऐकू यायचं. "अजून दोन दिस," त्या म्हणायच्या. किंवा नुसतं, "भर." त्या 'भर' म्हटल्याशिवाय आळीत कुणी पोतं उघडत नसे.

मी माझं यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं. पिवळा डबा, वर दोन दिवे, खाली दोन आखूड, चकचकीत सुया. लाल दिवा म्हणजे ओली, हिरवा म्हणजे वाळली. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, सुईवर अंगठा टेकवला.

"सुई आखूड हाय, मॅडम."

"पुरते, मावशी. वीज आतपर्यंत जाते."

"वीज जात असंल. पर हळद वरून वाळती, पोटात ओल ऱ्हाती. कायलीची तर जास्तच. पोटाला इचारा, कातडीला काहून इचारून राहिलात?"

बाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. आणि वहीत लिहिलं, 'शेतकरी महिलांचा प्रतिसाद : उत्साहवर्धक.'

लांब सुया मी लावून पाहिल्या नव्हत्या असं नाही. त्या वाळल्या हळदीत वाकायच्या, प्रिंटरवर केलेलं झाकण तडकायचं. आखूड सुया देखण्या दिसत होत्या. पुढचं मला स्वतःशीही कबूल करायला बरेच दिवस लागले. जी बाई हळकुंड कानाशी धरते तिच्याकडून मी सुईबद्दल शिकणार होते थोडीच?

गिरजाबाईंच्या आळीतून मी कायलीतल्या हळदीचे सहा नमुने आणले. भट्टीत वाळवून, वजन करून खरी ओल काढायची आणि ती यंत्राच्या आकड्याशी ताडून बघायची, अशी पद्धत असते. कुकरमध्ये वाफवलेल्या हळदीचे ठिपके आलेखावर रेषा धरून शहाण्यासारखे बसले. हे सहा मात्र रेषेपासून लांब, खाली, एका कोपऱ्यात. यंत्र त्यांना वाळलेलं म्हणत होतं आणि ते वाळलेले नव्हते. मी तीनदा तपासलं. मग माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हेत. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "आता कायलीत शिजवतं कोण? अपवाद आहेत, काढून टाका. परीक्षकाला उगाच विचारायला जागा कशाला ठेवायची?"

सांगितलं सरांनी. कळ दाबली ती माझ्या बोटाने. सहा ओळी निवडल्या, कळ दाबली, आणि आलेख असा काही सुंदर दिसू लागला की मी त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. कुठे आवाज झाला नाही, काही फुटलं नाही. मग मी आराखडा सगळ्या जगासाठी इंटरनेटवर चढवला. त्या सुताराचं नाव लिहिलं, सरांचं लिहिलं, कॉलेजचं लिहिलं. शेवटी 'ज्ञात त्रुटी' हा रकाना आला. तो रिकामा सोडता येत नव्हता. मी लिहिलं, 'काही नाहीत'.

पुढच्या मोसमात, पदवी हातात पडल्यावर, मी एक यंत्र गिरजाबाईंना भेट म्हणून नेऊन दिलं. हे मी का केलं, हा प्रश्न मला आजही छळतो. ते कुकरवाल्यांना द्यायचं, तर दिलं नेमकं कायलीवाल्यांना! मला वाटतं, मी त्या सहा ठिपक्यांना खरोखरच विसरले होते. विसरणं म्हणजे काय असतं, तर आपल्याला सोयीचं तेवढं आठवणं. गिरजाबाईंनी डबा कपाळाला लावून घेतला आणि घरातल्या देवांच्या फळीवर ठेवला. त्यांनी आळीला काय सांगितलं ते मला नंतर कळलं. मॅडम आपल्या खळ्यावर बसून शिकल्या, त्यांचं यंत्र आहे, आपलंच समजा.

त्या वर्षी चैत्रात आभाळ आलं. तसं आलं की खळ्यावर धांदल उडते. हळद भिजली तर रंग जातो, पुन्हा वाळवताना नाकी नऊ येतात. सगळ्या बायका गिरजाबाईंभोवती जमल्या. त्यांनी हळकुंड कानाशी मोडलं. कान म्हणाला, अजून नाही. मग फळीवरचा डबा आणून सुया टोचल्या. हिरवा दिवा लागला. त्यांच्या शेजारची सुमन, जिची हळद सगळ्यात जास्त होती, तिने विचारलं, "काकू, कानाचं ऐकू का दिव्याचं?" गिरजाबाईंनी म्हणे आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडमनं केलेलं हाय. भरा."

महिन्याभराने पोती उघडली तेव्हा आत पांढरी बुरशी होती. आळीतल्या पाच घरांची हळद. सुमनची तर सगळीच. ती तोंडात घालायच्या लायकीचीही राहिली नव्हती, उकिरड्यावर गेली.

मला फोन आला तेव्हा मी खटपट खोलीतच होते. गिरजाबाईंनी घडलेलं सांगितलं, आवाज न चढवता. आणि त्या बोलत असतानाच माझ्या डोळ्यांसमोर ते सहा ठिपके येऊन उभे राहिले, आलेखाच्या त्याच कोपऱ्यात. म्हणजे मला तेव्हा कळलं होतं. नंतर कधीतरी विचार करताना उमगलं वगैरे काही नाही. कळलेलं असताना मी म्हणाले, "मावशी, सुई नीट आत गेली नसेल. दाबताना हात हलला असेल तुमचा."

त्या म्हणाल्या, "असंल. माझाच हात चुकला असंल."

हेच त्यांनी आळीला सांगितलं. माझा हात चुकला. त्या दिवसापासून त्यांच्याकडे हळकुंड घेऊन कुणी आलं नाही.

त्याच साली, कॉलेज नुकतंच उघडलं होतं तेव्हा, मी वरच्या मजल्यावरून फाटकाकडे बघत होते. गिरजाबाई आत येत होत्या. हातात कापडी पिशवी, पायात चपला, डोक्यावरून घट्ट पदर. हट्ट्याहून औंढ्यावरून हिंगोली म्हणजे एसटीचा चांगलाच धक्क्यांचा प्रवास. मी मागे सरकले. उत्तममामांना म्हटलं, "सांगा, मॅडम मीटिंगमध्ये आहेत." मामांनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि खाली गेले. परत आल्यावर म्हणाले, "पिशवी ठिवून गेल्यात. तुमचं यंत्र हाय मनून सांगितलं." मला वाटलं, परत केलं. तोंडावर फेकून मारायचं तेवढं फक्त राहिलं. मी म्हटलं, "ठेवा कपाटात."

याला आता तीन वर्षं होत आली. मधल्या काळात मी मुक्त विज्ञानावर भाषणंही दिली. एका भाषणात त्या सुताराची आणि त्याच्या शेजारणीची गोष्ट सांगितली. लोक भारावले. माणूस दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर किती छान बोलू शकतो, ते मी जवळून पाहिलं आहे.

आणि या फाल्गुनात एक पत्र आलं. डोंगराळ भागातल्या कुठल्यातरी कॉलेजातल्या एका संशोधक मुलीचं. तिकडे आलं पिकतं. आल्यासाठी ती माझंच यंत्र बनवते आहे, तीस यंत्रं करून गावांत वाटणार आहे. तिने फार अदबीने विचारलं होतं, 'मॅडम, तुमच्या आराखड्यात ज्ञात त्रुटी काही नाहीत असं आहे. खरंच काही नाहीत का? आमच्याकडे सुंठीसाठी आलं मोठ्या भांड्यात, पाण्यात उकळतात.'

मी उत्तर लिहायला बसले. 'नाहीत' एवढं लिहून पुसलं. मग खाली खटपट खोलीत गेले आणि कपाट उघडलं. पिशवी तिथेच होती, धुळीने करडी झालेली. आत माझा पिवळा डबा. त्याच्या आखूड सुया गायब होत्या. त्यांच्या जागी दोन दाभण बसवलेले होते, पोती शिवायचे, चांगले बोटभर लांब. झाकण तडकू नये म्हणून त्यांच्या मुळाशी पत्र्याची पट्टी ठोकलेली. आणि दाभणांना टोकं तेवढी उघडी ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या होत्या. म्हणजे कातडीला विचारायचंच नाही. विचारायचं ते थेट पोटाला. सुयांना असं रबराचं वेष्टण द्यावं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचून पुढचं पान उलटलं होतं. डब्याशेजारी फडक्यात बांधलेलं एक हळकुंड होतं आणि त्यात दोन खोल भोकं.

मी तिथेच बाकावर बसले. त्या भांडायला आल्या नव्हत्या. फळीवर ठेवलेलं यंत्र खाली काढून, उघडून, चूक शोधून, दुरुस्त करून, ती दुरुस्ती मला द्यायला आल्या होत्या. मुक्त हार्डवेअरचा अख्खा नियम ज्या एका माणसाने माझ्या डोळ्यांदेखत पाळला, त्याला मी मीटिंगमध्ये आहे म्हणून सांगितलं. मला त्या क्षणी जी लाज वाटली ती शालीखाली झाकण्यासारखी नव्हती. मी रडले, तर तेही मला नाटकी वाटलं.

उत्तममामा दारात उभे होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही कधी पाहिलं होतं हे?"

"त्याच दिवशी. त्यांनीच काढून दावलं मला. समजावून सांगितलं बराबर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मामांनी खांद्यावरचा रुमाल झटकला. "तुमी मीटिंगमधी व्हतात, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी हट्ट्याला गेले. एसटीच्या खिडकीतून जागोजागी वाफेचे ढग दिसत होते आणि मी वाक्यं जुळवत होते. मावशी, माझ्या हातून एक गोष्ट राहून गेली. मावशी, तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर. प्रत्येक वाक्यात मी स्वतःला थोडी सूट देत होते. औंढ्याच्या स्टँडवर मी ती सगळी सोडून दिली.

खळं तसंच होतं. ताडपत्र्या, ऊन, पिवळे घोटे. गिरजाबाई मात्र रांगेत नव्हत्या. कडेला लिंबाच्या सावलीत बसून एकट्याच हळदीची मुळं खुडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि सरकून जागा दिली. मी बसले आणि सगळं सांगितलं. सहा नमुने, रेषा, कळ, फोनवर बोललेलं खोटं. फाटकातून आत येताना त्या मला दिसल्या होत्या, हेही सांगितलं. पिशवी मी काल उघडली, हेही. त्या मुळं खुडत राहिल्या.

"मला काहून सांगून राहिलात?" त्या शेवटी म्हणाल्या. "मला तवाच कळलं व्हतं. लांब दाभण लावलं अन् लाल दिवा लागला. कानाचं बराबर व्हतं."

"मग लोकांना तुम्ही हात चुकला म्हणून का सांगितलंत?"

"तुमी सांगितलं तसं सांगितलं. अन् कळल्यावर आले की तुमच्याकडं. म्हणलं, यंत्र तुमचं, आधी तुमी बोला, मंग मी बोलते. तुमी बोलल्याच न्हाई." त्यांनी मान वर केली. "आता मला नगा सांगू. त्यांना सांगा."

त्यांनी हाताने रांगेकडे दाखवलं. हळद परतणाऱ्या आठ-नऊ बायका. मी ताडपत्रीच्या कडेला जाऊन उभी राहिले, चप्पल काढली आणि म्हणाले, "जरा थांबता का? मला एक सांगायचंय." मग सांगितलं. यंत्र चुकीचं होतं. ते चुकीचं आहे हे मला माहीत होतं. गिरजाबाईंनी सुई आखूड आहे असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांचा हात चुकला नव्हता. तसं बोलायला मी लावलं.

एका म्हातारीने विचारलं, "मंग आता सांगून काय, बाई?" सुमन पुढे आली. ती माझ्याकडे बघतच नव्हती. "तीन सकरांती," ती म्हणाली, "तीन सकरांती म्या काकूला वाण द्याया गेले न्हाई. दाराला दार हाय आमचं." एवढं बोलून ती आपल्या ढिगाकडे वळली, आणि बाकीच्या पुन्हा हळद परतायला लागल्या.

मी सावलीत परत आले. पिशवीतून वही काढली, गिरजाबाईंना म्हटलं, "यंत्राच्या कागदात शेवटी एक रकाना आहे. त्यात आपल्या चुका लिहायच्या असतात. मी तिथे काही नाहीत असं लिहून ठेवलंय. डोंगराकडची एक मुलगी ते वाचून तशीच यंत्रं करून राहिली आहे. मी दाभणाचं लिहिते, तुमच्या नावाने लिहिते. आणखी काय लिहू ते तुम्ही सांगा."

त्या काही बोलायच्या आत सुमन आली. खाली बघत तिने हात पुढे केला. हातात तिच्या ढिगातलं एक हळकुंड होतं.

गिरजाबाईंनी ते घेतलं. बोटांत फिरवलं. मी वाट बघत होते त्यांनी डोळे मिटायची, पण त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळकुंड माझ्या कानापाशी धरून मोडलं.

"काय म्हणती?"

आवाज स्वच्छ आला होता, निदान मला तसं वाटलं. ऊन कडक होतं, हळकुंड टणक दिसत होतं. 'वाळली' हा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. सुमन आता पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती.

"मला कळत नाही, मावशी," मी म्हणाले.

गिरजाबाईंनी उरलेला तुकडा आपल्या कानाशी नेला, डोळे मिटले, मोडला. "अजून दोन दिस," त्या सुमनला म्हणाल्या. मग माझ्या मांडीवरच्या उघड्या वहीकडे बोट करून म्हणाल्या, "कळत न्हाई म्हणलात न्हवं? मंग तसं लिवा."